हातची गेलेली गिटार

१९६० साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅलमझू इथल्या गिब्सनच्या कारखान्याने आपली एक गिटार बंद करायचं ठरवलं. ती खपत नव्हती, एवढंच कारण. लेस पॉल या नावाजलेल्या वादकाच्या नावाने १९५२ मध्ये निघालेलं हे मॉडेल आधी सोनेरी रंगात यायचं. मागणी उतरू लागली तेव्हा १९५८ मध्ये सोनेरी रंग काढून टाकला आणि मेपलच्या लाकडाच्या रेषा दिसतील असा, कडेला लाल आणि मधे पिवळा होत जाणारा ‘सनबर्स्ट’ रंग आणला. तरी गिऱ्हाईक फिरकेना. तीन वर्षांत साधारण दीड हजार गिटारी बाहेर पडल्या आणि १९६१ मध्ये त्यांची जागा पातळ अंगाच्या, दोन शिंगांच्या वेगळ्याच गिटारीने घेतली. या दीड हजारांतली एखादी धड राहिलेली गिटार आज काही लाख डॉलरला जाते.

हा आकडा अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या एका अख्ख्या पिढीच्या मनाला लागून राहिला आहे. सत्तरीतले चार गिटारवादक एकत्र बसले की विषय तिथे वळतोच. सेकंड-हँड दुकानात भिंतीवर टांगलेली होती, दीडशे डॉलर सांगत होता, मी नको म्हटलं. मूल व्हायचं होतं, पैशाची गरज होती, फेंडर गिटार विकली. नवी हवी होती म्हणून जुनी बदल्यात दिली. प्रत्येकाकडे अशी एक गिटार असते, आणि सांगताना तिचा रंग, तिच्या मागच्या बाजूचा ओरखडा आणि आलेली किंमत, सगळं तोंडपाठ असतं. आपल्याकडे ‘तेव्हा कोथरूडला प्लॉट घेतला असता तर’ हे जसं घरोघरी ऐकू येतं, तसंच हे.

मला ही हळहळ हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. पण तिच्यात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत असं माझं म्हणणं आहे. एक दुःख पैशाचं आहे, दुसरं वाद्याचं. पैशाचं दुःख बहुतेक वेळा चुकीच्या हिशेबावर उभं असतं आणि त्याने वाद्यांचं नुकसान केलं आहे. वाद्याचं दुःख खरं आहे आणि त्याला पैशाचा उतारा चालत नाही.

आधी हिशेब बघू. १९५९ ची सनबर्स्ट लेस पॉल नवी असताना अडीचशे-पावणेतीनशे डॉलरला मिळत होती. २६५ धरू. अमेरिकेच्या शेअर बाजाराने दीर्घ काळात, लाभांश धरून, दरसाल सरासरी १० टक्क्यांच्या आसपास परतावा दिला आहे. २६५ डॉलर ६५ वर्षं १० टक्क्यांनी चक्रवाढ वाढले तर सुमारे १ लाख ३० हजार होतात. गिटारीचे दोन-तीन लाख झाले म्हटलं तरी फरक दरसाल एक-दीड टक्क्याचा पडतो. आणि ही तुलना गिटारींच्या इतिहासात भाव सगळ्यात जास्त चढलेल्या मॉडेलांपैकी एकाशी आहे. त्यातही ती गिटार ६५ वर्षं चोरीला गेली नाही, ओलीने फुगली नाही, मान मोडली नाही, कुणी हौसेने रंगवली नाही असं गृहीत धरलं आहे. लेस पॉलची मान डोक्यापाशी मोडते हे ती वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. गिटार स्टँडवरून मागे पडली की खेळ संपतो. २००८ च्या मंदीत याच गिटारींचे भाव घसरले आणि त्याआधी वर्षभरात वाट्टेल त्या किमतीला घेणाऱ्यांचे हात पोळले, हेही हळहळ करताना कुणाला आठवत नाही.

दुसरं, आपण जिंकलेला घोडा शर्यत संपल्यावर निवडतो. १९५५ च्या अमेरिकन वाद्यांच्या दुकानात दिमाख अकॉर्डियनचा होता. मध्यमवर्गीय घरांतली मुलं अकॉर्डियनच्या शिकवणीला जात होती, चांगलं अकॉर्डियन गिटारीपेक्षा कितीतरी महाग पडत होतं आणि जाणत्या माणसाने ‘जपून ठेवण्यासारखं’ म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवलं असतं. पुढच्या दहा वर्षांत रॉक अँड रोल आलं आणि अकॉर्डियनं माळ्यावर गेली. आज ‘तेव्हा मी अकॉर्डियन विकलं नसतं तर’ असं म्हणणारं कुणी भेटत नाही. १९६२ मध्ये लेस पॉल न घेणाऱ्याने संधी गमावली असं म्हणायचं तर ती संधी त्याच्या डोळ्यांसमोर असायला हवी होती. ती नव्हतीच. खुद्द बनवणाऱ्या कंपनीलाही ती दिसली नव्हती.

मग किंमत आली कुठून? माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि हळहळणारे नेमका हाच विसरतात. ती किंमत विकणाऱ्यांमुळे आली. १९५९ मध्ये कुणा तरी हौशी माणसाने नवी लेस पॉल घेतली, वर्ष-दोन वर्षांत कंटाळून विकली, म्हणून ती फिरत फिरत लंडनच्या दुकानात पोचली आणि खिशात बेताचे पैसे असलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या पोरांना परवडली. कीथ रिचर्ड्स १९६४ पासून अशी एक वाजवत होता. एरिक क्लॅप्टनने आपली घेतली आणि १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स बँडबरोबर एक रेकॉर्ड केली. त्या रेकॉर्डवर लेस पॉल आणि मार्शलचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात लावल्यावर निघणारा जाड, लांबत जाणारा, कडांना फाटलेला आवाज ऐकून इतर गिटारवादक हातातलं टाकून दुकानांकडे धावले. अमेरिकेत माइक ब्लूमफील्डने तसलीच गिटार हाती घेतली. मागणी इतकी वाढली की १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल परत काढावी लागली. पहिल्या दीड हजार मालकांनी गिटारी कपाटात कुलूपबंद ठेवल्या असत्या तर हा आवाज जन्मलाच नसता, आणि कपाटातल्या गिटारींना आजचा भावही आला नसता. ज्याने १९६३ मध्ये विकली त्याने मूर्खपणा केला असं मला वाटत नाही. त्याच्या विकण्यातून ब्लूज-रॉक उभं राहिलं.

क्लॅप्टनची ती गिटार १९६६ मध्येच चोरीला गेली आणि आजवर खात्रीलायकपणे सापडलेली नाही. पण ब्लूजब्रेकर्समध्ये त्याच्या जागी आलेल्या पीटर ग्रीनच्या गिटारीची गोष्ट पूर्ण ठाऊक आहे, आणि ती जवळून बघण्याजोगी आहे. तीही १९५९ च्या आसपासची लेस पॉल, आज ‘ग्रीनी’ नावाने ओळखली जाते. तारांची कंपनं टिपणाऱ्या तिच्या दोन पिकअपांपैकी एकातलं चुंबक उलट दिशेने बसलं आहे. त्यामुळे दोन्ही पिकअप एकदम चालू केले की काही कंपनं एकमेकांना खातात आणि नेहमीच्या भरदार आवाजाऐवजी पोकळ, किंचित नाकातला, दूरवरून आल्यासारखा सूर निघतो. तपासणीच्या टेबलावर हा दोषच ठरला असता. पीटर ग्रीनने फ्लीटवुड मॅक या बँडच्या पहिल्या वर्षांत त्या दोषातून असा आवाज काढला की आज कारागीर पैसे घेऊन धडधाकट पिकअपातलं चुंबक उलटं बसवून देतात.

१९७० मध्ये ग्रीनने फ्लीटवुड मॅक सोडलं. संपत्तीविषयी त्याच्या मनात तिटकारा होता, प्रकृतीही ढासळत होती. त्याने ती गिटार गॅरी मूर नावाच्या आयरिश पोराला देऊ केली. तुझी गिटार विक, जे येतील ते मला दे, असा सौदा. शंभर पौंडांच्या आसपास रक्कम ग्रीनच्या हातात आली. मूरने ती तीस वर्षांहून जास्त वाजवली, १९९५ मध्ये ग्रीनच्या गाण्यांची अख्खी रेकॉर्ड याच गिटारीवर केली आणि २००६ मध्ये ती विकली. काही वर्षं व्यापाऱ्यांकडे फिरून २०१४ मध्ये ती मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आली, आणि तो ती हजारो लोकांसमोर वाजवतो. या प्रवासात ग्रीनने काय गमावलं? पैशात मोजलं तर डोळे फिरतील अशी रक्कम. पण ती त्याने जपून ठेवली असती आणि वाजवली नसती, तर १९९५ ची ती रेकॉर्ड निघाली नसती.

आता संग्राहकांच्या नजरेकडे येतो, कारण पैशाच्या हळहळीतून ही नजर तयार झाली आहे. मोठ्या किमतीची जुनी गिटार समोर आली की व्यापारी मागचं झाकण उघडतो आणि आतल्या तारांचं सोल्डरिंग कधी हललं आहे का ते पाहतो. मग अतिनील दिवा धरतो; जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या उजेडात हिरवट दिसतं आणि नंतर दिलेला रंग वेगळा उठून येतो. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, मूळचे आहेत का, तारा टेकतात तो नट मूळचा आहे का, पिकअपच्या पोटावर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी छोटी काळी पट्टी चिकटलेली आहे का, १९५९ ची पेटी आणि पावती आहे का. या प्रत्येक ‘हो’ची किंमत हजारो डॉलरांत असते. यातली गोची बघा. फ्रेट हे तारांच्या घर्षणाने झिजण्यासाठीच असतात. रोज दोन तास वाजवणाऱ्याला काही वर्षांनी ते बदलावेच लागतात. मूळचे फ्रेट शाबूत असण्याचा अर्थ सरळ आहे: ही गिटार फारशी कुणी वाजवली नाही. बाजाराने न वाजलेल्या वाद्याला सगळ्यात वरची किंमत दिली आहे, आणि ती मिळावी म्हणून मालकाने पुढेही ते वाजवू नये अशी व्यवस्था केली आहे.

आणि ज्या गिटारींवर खरोखर मोठं संगीत झालं त्या या कसोटीवर सपशेल नापास होतात. १९७० मध्ये क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून फेंडर कंपनीच्या सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी किरकोळ किमतीत उचलल्या. लिओ फेंडरने आपली कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएस कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली होती आणि त्याआधीच्या गिटारी अजून कुणाला फार मोलाच्या वाटत नव्हत्या. सहातल्या तीन त्याने मित्रांना देऊन टाकल्या: जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनसेंड, स्टीव्ह विनवुड. उरलेल्या तीन सुट्या करून एकीची बॉडी, दुसरीची मान, तिसरीचे पिकअप असं सगळ्यात चांगलं ते निवडून एक गिटार जोडली. ती ‘ब्लॅकी’. वर्षानुवर्षं तो ती वाजवत राहिला आणि २००४ मध्ये तिचा लिलाव झाला तेव्हा ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर आले. ते त्याने अँटिग्वातल्या व्यसनमुक्ती केंद्राला दिले. आजचा संग्राहक तीन मूळ गिटारी मोडायला कधीच धजावला नसता. त्याच्याकडे तीन निर्दोष स्ट्रॅट राहिल्या असत्या आणि ब्लॅकी झालीच नसती. डेव्हिड गिल्मरनेही १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज दुकानातून घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटची मान आणि पिकअप पुन्हा पुन्हा बदलले, तिला भोकं पाडली, बुजवली. पिंक फ्लॉइड या त्याच्या बँडच्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डींवर तीच आहे. २०१९ मध्ये त्याने शंभरावर गिटारी लिलावात काढल्या. ही एकटी ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली आणि सगळ्या मिळून आलेले सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर हवामानबदलावर काम करणाऱ्या क्लायंटअर्थ संस्थेला गेले. ज्याच्या हाताने त्या गिटारीला मोल आलं, तोच तिला सोडायला सगळ्यात आधी तयार होता. मला हे फार बोलकं वाटतं.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. गिल्मर श्रीमंत आहे, त्याला सोडणं परवडतं. बारमध्ये रात्री वाजवून पोट भरणाऱ्या वादकाचं काय? त्याला पेन्शन नाही, विमा नाही. १९७४ मध्ये भाड्यासाठी विकलेली ती एक गिटार त्याच्या म्हातारपणाचा आधार झाली असती. हे मला मान्य आहे. त्याच्या दुःखाला मी हिशेब दाखवून गप्प करू पाहणार नाही. पण त्याचं दुःख गिटारीच्या नावाने चाललं असलं तरी ते वादकांना आयुष्यभर काडीचीही सुरक्षितता न देणाऱ्या धंद्याबद्दलचं आहे. त्या महिन्याचं भाडं गिटारीने भरलं, मुलांच्या डोक्यावर छप्पर राहिलं. तिने तिचं काम केलं. अपराधीपणाची टोचणी त्या वादकाने बाळगावी असं त्यात काही नाही.

खरी टोचणी कशी असते ते रँडी बॅकमनकडे पाहून कळतं. कॅनडाच्या विनिपेगमधल्या या मुलाने मिळेल ती कामं करून चारशे डॉलर साठवले आणि १९५७ ची नारिंगी ग्रेच ६१२० गिटार घेतली. तिच्यावर तो घडला. द गेस हू आणि पुढे बॅकमन-टर्नर ओव्हरड्राइव्ह या बँडची गाणी तिच्यावर सुचली. दौऱ्यावर असताना हॉटेलच्या खोलीत तो तिला साखळीने कमोडला बांधून ठेवायचा, इतका जीव. १९७६ च्या सुमारास टोरोंटोच्या एका हॉटेलातून, काही मिनिटं नजर चुकल्यावर, ती गेली. मग तिच्या शोधात तो जुन्या ग्रेच घेत सुटला. तीनशेहून जास्त जमल्या. पैशाचं दुःख असतं तर एवढ्या साठ्याने ते केव्हाच फिटलं असतं. फिटलं नाही. एके दिवशी एका चाहत्याने जुन्या चित्रफितीतल्या गिटारीच्या लाकडावरची गाठ आणि रेषा संगणकावर जुळवत जगभरातल्या दुकानांची छायाचित्रं तपासली आणि ती टोकियोत सापडली. ताकेशी नावाचा एक वादक ती वाजवत होता. ती चोरीची आहे याची त्याला कल्पनाही नव्हती, आणि त्याचाही तिच्यावर जीव जडला होता. बॅकमनने पैसे फेकून ती हिसकावली नाही. त्याच सालची, तशाच घडणीची दुसरी ग्रेच शोधून ताकेशीला दिली. १ जुलै २०२२ ला, कॅनडा दिनी, टोकियोच्या कॅनेडियन वकिलातीत दोघांनी गिटारींची अदलाबदल केली आणि एकत्र वाजवलं. साडेचार दशकांचं दुःख हलकं व्हायला, तरुणपणी जिच्या लाकडात हात मुरला होता ती एकच गिटार परत भेटावी लागली.

‘जुन्याचा आवाजच वेगळा’ हा या हळहळीचा शेवटचा आधार. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पातळ लॅकर, वाळलेलं लाकूड, जुन्या चुंबकांची ताकद यांनी फरक पडतो. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा नामवंत व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांना काळे चष्मे लावून सहा जुनी इटालियन आणि सहा नवी व्हायोलिनं हाती दिली, तेव्हा दहातल्या सहांनी मैफलीसाठी नवं वाद्य निवडलं. व्हायोलिनचं हे, तर जिथे अर्धा आवाज ॲम्प्लिफायर घडवतो त्या इलेक्ट्रिक गिटारीबद्दल ‘जुनीच हवी’ हा हट्ट कितपत टिकेल? कुठलीही पिढी हातातल्या वाद्याला कमी लेखते. १९६९ च्या सुमारास ब्राझीलने शिसवाच्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणल्यावर मार्टिन कंपनीने आपल्या गिटारींच्या पाठीसाठी आणि बाजूंसाठी भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. आपल्या सह्याद्रीत वाढणारा, जुन्या वाड्यांतल्या पलंग-कपाटांना लागलेला हाच तो काळसर शिसव. तेव्हाच्या अमेरिकन वादकांनी नाकं मुरडली. आज पन्नाशी ओलांडलेल्या त्याच गिटारी ‘व्हिंटेज’ म्हणून शोधल्या जातात. ब्राझीलचा शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात जवळजवळ पूर्ण बंद आहे आणि आपला शिसवही संकटग्रस्त प्रजातींत मोजला जातो. हुकलेल्या संधीबद्दल रडायचंच असेल तर या झाडांसाठी रडावं. विकलेली गिटार कुणाकडे तरी असते. तोडलेला शंभर वर्षांचा शिसव कुणाकडेच नसतो.

हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत आणि गोव्यात बीट ग्रुप होते, सिमला बीटसारख्या स्पर्धा होत होत्या, आणि आयातीवरच्या निर्बंधांमुळे परदेशी गिटार मिळवणं ही मोठी खटपट होती. अनेक पोरं कोलकात्याच्या गिवसन गिटारींवर शिकली. वांद्र्यात, गिरगावात, मडगावात, म्हापशात अशा गिटारी कपाटांवर आणि पलंगांखाली आजही पडलेल्या असतील. कुणा काकांची, कुणा अंकलची. तुमच्या घरात अशी एखादी असेल तर तिची किंमत काय येईल हे विचारण्याआधी गंजलेल्या तारा उतरवा, नव्या लावा आणि वाजवणाऱ्या माणसाच्या हातात द्या. काका हयात असतील तर ती कुठून आणली, कुठे कुठे वाजवली ते त्यांच्याकडून आजच लिहून घ्या आणि कागद पेटीत ठेवा. विकायची वेळ आलीच तर ती वाजवणाऱ्याला विका, चार पैसे कमी आले तरी.